चाळीस हात

व्हर्लीन स्टॅम्पर इंग्लंडला शिकायला आली तेव्हा तिला राग येत नसे असं नाही, पण आलेला राग टिकत नसे. केंटकीच्या डोंगराळ मुलखात, तंबाखूच्या शेतावर, चार भावांच्या धबडग्यात वाढलेली पोर ती. भांडण झालं की तिथल्या तिथे झोंबाझोंबी व्हायची आणि जेवायच्या वेळेपर्यंत सगळे विसरून जायचे. राग जपून ठेवायचा असतो, लोणच्यासारखा मुरू द्यायचा असतो, हे ती इंग्लंडमध्ये शिकली. आणखी नेमकं सांगायचं तर डॉक्टर ऑब्री थर्लबींकडे शिकली.

चौऱ्याहत्तर सालचा ऑक्टोबर. एका वर्षाची शिष्यवृत्ती मिळवून ती सेंट ऑस्विन कॉलेजात दाखल झाली. खोली दगडी, खिडकी अरुंद, आणि भिंतींना उन्हाळ्यातही ओल सुटेल अशी. रोज सकाळी खोली झाडायला मिसेस टॉफ्ट यायच्या. साठीच्या, गुडघेदुखीनं हैराण, तोंडानं फटकळ. पहिल्याच दिवशी त्यांनी व्हर्लीनचे ओले बूट खोली गरम करणाऱ्या रेडिएटरवरून उचलून खाली ठेवले.

"इथे ठेवलेस तर तळ सुटेल पोरी. तुझा संसार आधीच एवढासा."

"तुमच्याकडे ऊन कधी पडतं, मिसेस टॉफ्ट?"

"पडलं होतं एकदा. मंगळवार होता."

थर्लबी तिचे मार्गदर्शक. दर गुरुवारी त्यांच्या खोलीत निबंध मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि ते मध्येमध्ये चिमटे काढणार, अशी तिथली शिकवण्याची रीत. व्हर्लीनबरोबर आणखी दोन इंग्रज पोरं असायची. तिच्या बोलण्याला डोंगराकडचा हेल होता. शब्दाचं शेपूट ती ताणून लांबवायची. दुसऱ्याच गुरुवारी थर्लबींनी तिला थांबवलं.

"मिस स्टॅम्पर, ते वाक्य पुन्हा वाचता?"

"काही चुकलं का सर?"

"छे, छे. चूक म्हणून नाही. ऐकायला आवडतं मला. संध्याकाळी गोठ्याकडे परतणारी गाय आठवते."

दोन्ही पोरं फिदीफिदी हसली. व्हर्लीननं वाक्य पुन्हा वाचलं. त्यापुढच्या प्रत्येक गुरुवारी थर्लबी कुठलंतरी एक वाक्य निवडून तिच्याकडून दोनदा वाचून घेऊ लागले. ख्रिसमसच्या आधी त्यांच्याकडे प्राध्यापकांचा मेळावा होता. तिथेही हातात शेरीचा पेला घेऊन त्यांनी तिला पाहुण्यांपुढे उभं केलं. "बोला काहीतरी, मिस स्टॅम्पर. आपली भाषा परदेशी पाठवली की तिचं काय होतं ते या मंडळींना कळू दे."

ती बोलली. हसलीही. खोलीवर येऊन उशीत तोंड खुपसून तिनं त्यांना आपल्या बापाच्या ठेवणीतल्या सगळ्या शिव्या घातल्या. पण तोवर हे सगळं दुसऱ्या दिवशी ओसरण्यासारखंच होतं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी ती सायकलवरून सहा मैलांवरच्या लिटल आर्डिंग गावी गेली होती. पावसानं गाठलं म्हणून चर्चमध्ये शिरली. भिंतीवरच्या एका जुन्या शिळेवर लिहिलं होतं, 'जोसाया गेडनी, व्हर्जिनिया प्रांती मृत्यू, १७५१'. घरापासून चार हजार मैलांवर केंटकीशेजारच्या व्हर्जिनियाचं नाव वाचून ती तिथेच थबकली. एक म्हातारी बाई खाली बसून पितळेचे दिवे घासत होती.

"तो आमचाच," ती मान वर न करता म्हणाली. "माझ्या नवऱ्याच्या खापरपणज्याचा कोण तरी. तिकडे तंबाखू पिकवायचा. त्याची पत्रं आहेत घरी, बिस्किटाच्या डब्यात. कुणाला वाचताच येत नाहीत."

या मिसेस हेस्टर गेडनी. विधवा, एकट्या, दोन कोंबड्या आणि एक बहिरा कुत्रा एवढाच परिवार. त्या दिवशी व्हर्लीनला त्यांनी कांद्याच्या पातीचं गरम सूप पाजलं, आणि त्यानंतर ती दर रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून पत्रं उतरवून घेऊ लागली. जुनं अक्षर, फिकी शाई, कोपरे उंदरांनी कुरतडलेले. शेगडीवर काहीतरी रटरटत असायचं आणि मिसेस गेडनी विचारायच्या, "आज काय म्हणतोय जोसाया?"

"म्हणतोय, पाऊस थांबत नाही."

"मग इथेच राहायचं होतं की मेल्यानं. एवढ्या लांब कशाला गेला?"

सतरा पत्रं व्हर्लीननं एका निळ्या वहीत उतरवली. असल्या पत्रांत तिला कुणी शिकवण्यासारखं नव्हतं. रोप लावणं, शेंडा खुडणं, फुटवे काढणं, पान टांगून वाळवणं, हे जोसाया लिहायचा आणि तिला बाप समोर उभा राहून बोलतोय असं वाटायचं. आनंदाच्या भरात तिनं ती वही थर्लबींना दाखवली.

"ठेवून जा," ते म्हणाले. "सवड झाली तर चाळीन."

तीन आठवड्यांनी वही परत आली. "भाबडं काम आहे, मिस स्टॅम्पर. शेतकऱ्याची रडगाणी. यातून काही निघत नाही. दुसरा विषय घ्या."

तिनं मुकाट्यानं दुसरा विषय घेतला.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात कॉलेजच्या फाटकाशी पाटीवर एक कागद लागला. 'व्हर्जिनियातली फाशी: गेडनी पत्रांचा शोध. डॉ. ऑब्री थर्लबी यांचं जाहीर व्याख्यान, मार्चच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी तीन वाजता.' खाली पत्रातला उतारा छापलेला: 'बाहेर पावसाची झड. आतल्या खोपटात चाळीस हात टांगले. तिसऱ्या दिवशी त्यातले सहा खाली पडले, ते कुजले होते. परसात पुरून टाकले. देवानं आमच्यावर दया करावी.'

व्हर्लीननं उतारा दोनदा वाचला. पहिल्यांदा तिच्या अंगाची लाही लाही झाली, कारण तो तिच्या वहीतला होता, शब्दन् शब्द. दुसऱ्यांदा मात्र ती गोंधळली. फाशी? कसली फाशी?

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. इंग्रजीत मजुरांना 'हात' म्हणायची रीत आहे, जसं आपण 'कामाला चार हात हवेत' म्हणतो. थर्लबींनी चाळीस मजूर फासावर लटकवले होते. पण तंबाखूच्या मुलखात वाळलेल्या पानांची देठाशी बांधलेली जुडी, तिलाही 'हात'च म्हणतात. व्हर्लीननं सहाव्या वर्षापासून असे हजारो हात बांधले होते. वहीत तिनं खुलासा लिहिला नव्हता, कारण आपल्या घरी कुणी पाणी म्हणजे काय ते लिहून ठेवत नाही.

ती तशीच सायकल काढून लिटल आर्डिंगला गेली आणि मिसेस गेडनींच्या डब्यातलं मूळ पत्र उघडून वहीशी ताडून पाहिलं. उतरवताना तिची नजर घसरली होती. मधली एक ओळ सुटली होती. 'टांगले'च्या पुढे जोसायानं लिहिलं होतं: 'पान यंदा रुंद, देठ जाड, म्हणून हात बांधायला उशीर झाला.' तिच्या वहीत ती ओळ नव्हती. पाटीवरच्या कागदावरही नव्हती.

सोमवारी ती थर्लबींच्या दारात उभी राहिली.

"सर, तो उतारा माझ्या वहीतला आहे."

थर्लबींनी पाइप खाली ठेवला. चेहऱ्यावर लाज नाही, राग नाही. पाव करपल्यावर दिसावी तेवढीच नाराजी. "विद्यार्थ्याचं काम गुरूच्या कामात मिसळतंच, मिस स्टॅम्पर. ओढे नदीला मिळतात. नदी काही प्रत्येक ओढ्याचं नाव घेत बसत नाही."

"तुम्ही म्हणालात, यातून काही निघत नाही."

"तुम्हाला काढता आलं नाही, असा त्याचा अर्थ. तळटीपेत तुमचा उल्लेख करीन हवं तर."

"तुम्ही मूळ पत्र पाहिलंत का, सर?"

"गरज काय? अक्षर सुवाच्य आहे तुमचं. शेतकऱ्याच्या मुलीच्या मानानं तर फारच."

ती सुटलेली ओळ तिच्या जिभेवर होती. सांगायलाच ती आली होती. बापाची शिकवण होती, शेजाऱ्याचा बैल विहिरीकडे चालला असेल तर शेजारी कितीही हलकट असो, हाक मारायची. व्हर्लीननं थर्लबींच्या पॉलिश केलेल्या बुटांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"ठीक आहे, सर," ती म्हणाली आणि दार हळूच ओढून घेतलं.

त्या दिवसापासून तिनं डूख धरला. राग आला की आधी तिची भूक मरायची, आता उलट झालं. सकाळचं पातळ ओट्सचं खिमट ती ताट निपटून खायची. गुरुवारी थर्लबींनी वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं की तिसऱ्यांदाही वाचून दाखवायची, हसत. मिसेस टॉफ्टना तिनं सगळं सांगितलं. त्यांना सांगायला नकोच होतं असं नंतर कुणीही म्हणेल, पण त्या हातातला झाडू टाकून पलंगावर बसल्या आणि त्यांचे डोळे लकाकले.

"थर्लबी साहेबांची खोलीही मीच झाडते. अकरा वर्षांपूर्वी त्यांचा चांदीचा चमचा हरवला. मी चोरला म्हणाले. पोलीस बोलवीन म्हणाले. चार दिवसांनी त्यांच्याच कोटाच्या अस्तरात सापडला. माफी? 'सापडला हो' एवढंच म्हणाले, आणि ते पण दाराला उद्देशून."

"मग तुम्ही काय केलंत?"

"अकरा वर्षं त्यांच्या चहाच्या किटलीत आदल्या दिवसाचं पाणी घालते." मिसेस टॉफ्टनी नाक पुसलं. "पण तुझं जास्त चांगलं आहे. तू गप्प बस पोरी. जिभेला गाठ मार. मी खबर आणत राहीन."

आणि त्यांनी आणलीच. साहेब आरशासमोर भाषणाची तालीम करतात. लंडनहून पुस्तकं छापणारा माणूस येणार आहे. नवा सूट शिवलाय. प्रत्येक खबरीनं व्हर्लीनला गुदगुल्या व्हायच्या. बापाला पत्र टाकून तिनं एक जुडी मागवली. बापानं जुडीबरोबर चिठ्ठी पाठवली: 'कुणाला मारायचं असेल तर याच्यापेक्षा काठी बरी. काय चाललंय?' तिनं उत्तर दिलं नाही.

फेब्रुवारीत गावच्या साप्ताहिकानं बातमी छापली. 'लिटल आर्डिंगच्या गेडनींनी चाळीस मजूर फासावर चढवले.' शेजारी चर्चमधल्या शिळेचा फोटो.

व्हर्लीन दोन रविवार गेली नाही. तिसऱ्या रविवारी गेली. मिसेस गेडनींनी दार उघडायला बराच वेळ लावला. शेगडी थंड होती. डबा टेबलावर नव्हता, कपाटाच्या माथ्यावर सरकवलेला होता.

"खाटीक मला विचारतो, 'दोर किती हात देऊ, मिसेस गेडनी?' सगळं दुकान हसलं," त्या म्हणाल्या. "पितळ घासायचं काम मी सोडलं. त्या शिळेखाली बसवत नाही." मग त्यांनी व्हर्लीनचं मनगट धरलं. हात कोंबडीच्या पायासारखा हलका आणि गार. "तू वाचलीस ना गं पत्रं? तुला कळतात. खरंच केलं का त्यानं असं? सहा माणसं परसात पुरली?"

हो की नाही, एवढंच सांगायचं होतं. पण मिसेस गेडनी दुसऱ्याच दिवशी खाटकाला सांगणार, खाटीक गावाला, आणि आठवड्यात ते थर्लबींच्या कानावर जाणार. व्याख्यानाला अजून तीन आठवडे होते. नवा सूट, लंडनचा माणूस, आरशापुढची तालीम, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं.

"मला नक्की सांगता येत नाही," व्हर्लीन म्हणाली. "जुनं अक्षर आहे."

म्हातारीनं मनगट सोडलं. "बरं," एवढंच म्हणाली. व्हर्लीननं ते मूळ पत्र पुन्हा ताडून पाहायला मागितलं, तर त्यांनी सगळा डबाच तिच्या हाती दिला. "ने. मला घरात नको."

डबा सायकलला बांधून परतताना वाटेत ती एकदा थांबली होती. मागे फिरावं असं वाटलं होतं. तिनं पुन्हा पॅडल मारलं.

व्याख्यानाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. काळे झगे, फरच्या टोप्या, पुढच्या रांगेत लंडनचा माणूस. मिसेस टॉफ्ट धुतलेला कोट घालून मागच्या दाराशी उभ्या होत्या. आणि अगदी शेवटच्या रांगेत मिसेस गेडनी बसल्या होत्या, डोक्याला रुमाल, दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर. व्हर्लीनला त्या दिसल्या तेव्हा थर्लबी बोलायला उभे राहिले होते.

छान बोलले ते, हे कबूल करायला हवं. पावसात भिजलेलं खोपट, वाशांना लटकलेली माणसं, आणि दयेची भीक मागणारा खुनी मालक त्यांनी डोळ्यांपुढे उभा केला. एक बाई तर रडली. शेवटी ते म्हणाले, "एका साध्या शब्दानं इतिहासाचं दार उघडतं, फक्त तो वाचणारा डोळा हवा." टाळ्या पडल्या. काही प्रश्न?

व्हर्लीन उभी राहिली. थर्लबींच्या ओठांवर गुरुवारचं हसू आलं.

"सर, उताऱ्याचं दुसरं वाक्य पुन्हा वाचता?"

"काही चुकलं का, मिस स्टॅम्पर?"

"छे, छे. चूक म्हणून नाही. ऐकायला आवडतं मला."

त्या दोन पोरांपैकी एकाला हसू आवरेना. थर्लबींनी वाचलं, "आतल्या खोपटात चाळीस हात टांगले."

"आणि पुढची ओळ?"

"'तिसऱ्या दिवशी त्यातले सहा...'"

"ती त्याच्या पुढची. मधली एक आहे. वहीत उतरवताना माझ्या हातून सुटली होती. तुम्ही मूळ पत्र पाहिलं असतंत तर तुमच्या हातून सुटली नसती." तिनं डब्यातून जोसायाचं पत्र काढलं आणि हेल काढून, एकेका शब्दाचं शेपूट ताणत, सावकाश वाचलं. "'पान यंदा रुंद, देठ जाड, म्हणून हात बांधायला उशीर झाला.'" मग पिशवीतून बापानं पाठवलेली तपकिरी जुडी काढून डोक्याच्या वर धरली. सभागृहात वास पसरला. "याला आम्ही हात म्हणतो. जोसाया गेडनी पण म्हणायचा. आमच्या खोपटात दर वर्षी पाच-सहाशे टांगतो, सर. अजून आम्हाला कुणी पकडलेलं नाही."

आधी कुणीतरी एक खाकरलं. मग हसू फुटलं आणि धरण फुटावं तसं ते सगळ्या सभागृहातून वाहत गेलं. रडलेली बाईही हसत होती. लंडनचा माणूस वही मिटून टोपी शोधू लागला. थर्लबींनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग तो उलटा करून पाहिला, जणू सुटलेली ओळ मागच्या बाजूला सापडेल. मान लालबुंद झाली होती. "हे... हे विद्यार्थिनीच्या नकलेतले दोष..." ते म्हणाले, आणि आपण काय कबूल केलं ते त्यांच्या लक्षात आलं. दाराशी मिसेस टॉफ्टनी एकच मोठी टाळी वाजवली.

व्हर्लीनला काय वाटलं? तिनं ते कधी लपवलं नाही. उन्हात राबून आल्यावर माठातलं गार पाणी घशाखाली उतरावं तसं वाटलं. थर्लबींच्या चेहऱ्यावरची एकही रेघ सुटू नये म्हणून ती डोळे न मिटता पाहत राहिली.

लोक पांगले तेव्हा मिसेस गेडनी तिच्याजवळ आल्या. त्या हसत नव्हत्या.

"म्हणजे त्यानं कुणाला मारलं नाही."

"नाही, मिसेस गेडनी. कुणालाच नाही."

"हे तुला कधीपासून माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. बहुधा खपलंही असतं.

"पहिल्यापासून," व्हर्लीन म्हणाली.

म्हातारीनं मान हलवली, बाजारात भाव ऐकून हलवावी तशी. "माझ्या स्वयंपाकघरात बसून मी तुला विचारलं होतं. हात धरून विचारलं होतं." तिनं डब्यासाठी दोन्ही हात पुढे केले. "पत्र आत ठेव. झाकण नीट लाव."

व्हर्लीननं झाकण लावलं. मिसेस गेडनी डबा पिशवीत घालून बसच्या थांब्याकडे निघून गेल्या. पुढच्या रविवारी व्हर्लीन लिटल आर्डिंगला गेली तेव्हा धुराड्यातून धूर निघत होता, पण दार उघडलं नाही. बहिरा कुत्रा खिडकीतून तिच्याकडे बघत राहिला. चर्चमध्ये पितळेचे दिवे लखलखीत घासलेले होते, तेवढंच तिनं पाहिलं आणि परतली.

थर्लबींची नोकरी गेली नाही. तिथे अशा गोष्टींवरून नोकऱ्या जात नाहीत. पुस्तक मात्र निघालं नाही, आणि पुढे कित्येक वर्षं मार्च आला की त्यांच्या दारावर कुणीतरी तंबाखूचं पान टाचून जायचं. मिसेस टॉफ्ट ते झाडून काढायच्या आणि केंटकीला पत्रानं कळवायच्या. "यंदा दोन होती. एक मी लावलं नव्हतं."

व्हर्लीन गावी परतली, तिथल्या शाळेत इतिहास शिकवू लागली, लग्न केलं, बापामागं शेत सांभाळलं. लिटल आर्डिंगला तिनं चार पत्रं लिहिली. पहिल्यात सगळी हकिगत होती, दुसऱ्यात नुसती माफी, तिसरं आणि चौथं पिकापाण्याबद्दल. उत्तर आलं नाही. सात वर्षांनी मिसेस टॉफ्टनीच कळवलं की म्हातारी गेली आणि डबा तिच्या पुतणीकडे आहे.

कुणी तिला विचारलंच, एवढं करून पस्तावलीस का, तर ती थर्लबींच्या बाबतीत साफ नाही म्हणते. त्यांना पुन्हा तसंच उभं करीन म्हणते, त्याच सभागृहात, त्याच सुटात. मग त्या तिसऱ्या रविवारबद्दल बोलते, थंड शेगडीबद्दल, आणि मनगट सोडून म्हातारी नुसतं "बरं" म्हणाली होती त्याबद्दल.